आरोपी हजर, भान गैरहजर

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, दुपारी तीनच्या सुमारास आमच्या मेडिसिन वॉर्डात एक कच्चा कैदी आला. सोबत दोन पोलीस. एका हातात बेडी आणि तिचं दुसरं टोक खाटेच्या दांड्याला अडकवलेलं. वय तिशीच्या आतबाहेर. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. चार दिवस पोटात अन्न नव्हतं, पाणी जेमतेम. कपडे लघवीनं ओले. आमच्या निवासी डॉक्टरनं विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही. मी त्याचा हात उचलून पाहिला, तर मी सोडला तिथेच तो हवेत अधांतरी राहिला.

"नाटकं करतोय, सर," सोबतचा हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. अकरा महिने सगळे हेच म्हणत आले होते, म्हणून तोही म्हणाला.

रक्ताचे रिपोर्ट मात्र नाटक करत नाहीत. शरीर कोरडं पडलेलं, सोडियम वाढलेलं, मूत्रपिंडांवर ताण, स्नायूंमधलं एन्झाइम कितीतरी पट जास्त. सलाईन सुरू केलं आणि मनोविकार विभागाला कॉल पाठवला. संध्याकाळी आमच्या मनोविकारतज्ज्ञ सहकारी आल्या. त्यांनी दहा-पंधरा मिनिटं त्याला तपासलं, नर्सकडून लोराझेपामचं इंजेक्शन मागवलं आणि ते शिरेतून सावकाश दिलं. वीसेक मिनिटांनी त्यानं मान वळवली. आधी म्हणाला, "पाणी." मग थोड्या वेळानं, "आक्का आलीय का?"

हवालदार खुर्चीवरून उठून उभा राहिला.

या अवस्थेला कॅटॅटोनिया म्हणतात. माणूस जागा असतो, बऱ्याचदा आजूबाजूचं ऐकतही असतो, पण हलणं, बोलणं, गिळणं यांच्या कळाच जणू बंद पडतात. स्किझोफ्रेनियात हे होतं, तीव्र नैराश्यात होतं, कधी मेंदूच्या संसर्गातही होतं. उपचार झाले नाहीत तर पाण्यावाचून मूत्रपिंडं जातात, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात, माणूस दगावतो. आणि त्यावर पहिला उपाय असलेलं हे इंजेक्शन स्वस्त आहे, जवळजवळ प्रत्येक अपघात विभागात असतं. फिट आलेल्या पेशंटला आम्ही ते रोज देतो.

(ओळख पटू नये म्हणून या तरुणाच्या हकिकतीतले काही तपशील मी बदलले आहेत.)

त्याचा गुन्हा काय, तर रस्त्यालगत उभ्या टेम्पोची बॅटरी काढली. किंमत तीन-साडेतीन हजार. बॅटरी त्याच रात्री परत मिळाली. आधीचा एकही गुन्हा नावावर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, माल परत मिळाला असेल आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, तर शिक्षा आहे समाजसेवा. म्हणजे कबूल झाला असता, तर कुठेतरी बाग झाडून किंवा सार्वजनिक दवाखान्यात काही दिवस काम करून मोकळा झाला असता. त्याऐवजी अकरा महिने आत होता.

का? त्याच्या कागदांत मला रोजनाम्याच्या काही नकला दिसल्या. तारखेमागून तारीख एकच मजकूर: आरोपी हजर, प्रश्नास उत्तर देत नाही, पुढील तारीख. सरकारी खर्चानं वकील द्यायची तयारी होती, पण त्यानं वकालतनाम्यावर सही केली नाही. त्याच्या मनात कोण जाणे काय चाललं होतं. पुढे त्यानं सांगितलं की, सही केली की बहिणीला धरून नेतील असं त्याला ऐकू येत होतं. बऱ्याच तारखा व्हीसीवर झालेल्या. पडद्यावरच्या त्या चौकोनात मान खाली घातलेला माणूस न्यायाधीशांना कितीसा दिसणार? बराकीत तर तो कोणाच्या डोळ्यांवर यायचं कारणच नव्हतं. आरडाओरडा करणारा, भांडणारा, अंगावरचे कपडे फाडणारा कैदी दुसऱ्या दिवशी डॉक्टरपुढे उभा केला जातो. गप्प बसणारा कोणालाच त्रास देत नाही.

मी मनोविकारतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. सरकारी रुग्णालयात हयात गेली. बेडीसह येणारे पेशंट मी तीस वर्षं पाहतोय आणि त्यांच्याबाबतीत माझेही हात स्वच्छ नाहीत. अटक झालेल्या माणसाला कोर्टात नेण्याआधी वैद्यकीय तपासणीसाठी आणतात. तरुणपणी कॅज्युअल्टीच्या ड्युटीत अशा तपासण्या मी शेकड्यांनी केल्या. अंगावर जखमा आहेत का, बीपी किती, नाडी किती, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: रुग्ण शुद्धीवर आहे, भान ठीक आहे. तीन मिनिटांचं काम. एका रात्री एकजण भिंतीकडे तोंड करून कोणाशी तरी बोलत बसला होता. मी त्याच्याही कागदावर तेच वाक्य लिहिलं, कारण मागे रांग होती. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्या टेम्पोवाल्या तरुणाच्या अटकेच्या वेळचा दाखला मी फाइलमधून काढून वाचला, तेव्हा तेच वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात होतं.

पुण्यात "ह्याला येरवड्याला पाठवा" असं कोणी गमतीनं म्हणालं, तर ऐकणारा क्षणभर विचार करतो: तुरुंगात की वेड्यांच्या इस्पितळात? दोन्ही एकाच उपनगरात आहेत. मध्यवर्ती कारागृह १८७१ चं, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही शंभरी ओलांडलेलं. २५४० खाटांचं हे मनोरुग्णालय राज्यातल्या चारांपैकी सर्वांत मोठं. बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मनोरुग्ण कैदी या दोन संस्थांच्या मधल्या रस्त्यावरचा माणूस. तुरुंगाला वाटतं तो इस्पितळाचा, इस्पितळाला वाटतं तो कोर्टाचा, आणि कोर्ट अहवालाची वाट बघत असतं.

इथे एक घोळ निस्तरायला हवा, कारण शिकलेल्या माणसांच्या मनातही तो असतो. "वेड्याला शिक्षा होत नाही" हे आपण ऐकलेलं असतं. तो प्रश्न गुन्हा घडला त्या क्षणाचा. आपण काय करतोय, ते चूक आहे हे त्या वेळी आरोपीला मनोविकारामुळे कळतच नव्हतं, असं सिद्ध झालं तर तो निर्दोष ठरू शकतो. जुन्या दंडसंहितेचं कलम ८४, आताच्या न्याय संहितेचं कलम २२. आज मी लिहितोय तो प्रश्न वेगळा आहे: आत्ता, खटला चालू असताना, या माणसाला स्वतःचा बचाव करता येईल का? गुन्ह्याच्या वेळी पूर्ण शहाणा असलेला माणूसही वर्षभरानं या अर्थी अक्षम असू शकतो. आणि गुन्ह्याच्या वेळी भ्रमात असलेला आज औषधांवर ठणठणीत असू शकतो.

ही क्षमता तपासताना कायद्याचं ज्ञान कोणी विचारत नाही. प्रश्न साधे असतात. तुमच्यावर आरोप काय आहे? समोर उंचावर बसलेत ते कोण? तुमचा वकील कोणाच्या बाजूनं बोलणार? गुन्हा कबूल केला तर काय होईल? एखादा साक्षीदार खोटं बोलला तर तुम्ही कोणाला सांगाल? उत्तर चुकलं तर समजावून सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. लक्षात राहतं का, हेही पाहायचं असतं. वकील आपला नाही, तो टीव्हीतून आलेला माणूस आहे असं ज्याला वाटतं, तो वकिलाला काय सांगणार!

"पण सोंग घेणारे असतातच ना?" हा प्रश्न मला दर भाषणानंतर येतो. असतात. पण सोंग दिवसभर, रात्रभर, झोपेत, जेवताना, सलग दोन आठवडे वठवणं फार अवघड आहे, म्हणून तर निरीक्षणाखाली ठेवतात. आणि दुसरं, सोंग घेऊन मिळतं काय? अक्षम ठरला म्हणजे सुटला असं नाही. खटला फक्त थांबतो. कोठडी मात्र थांबत नाही. किरकोळ गुन्ह्यातला शहाणा आरोपी तेच सोंग घेईल तर त्याच्याइतका मूर्ख कोणी नाही.

"वेडा गुन्हेगार" म्हटलं की माझ्या पिढीला आठवतो रमन राघव. साठच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांना ठार मारत फिरणारा. १९६८ मध्ये तो पकडला गेला. त्याच्या खटल्यात नेमका हाच मुद्दा वकिलांनी काढला होता: आरोपी स्वतःचा बचाव करू शकण्याच्या स्थितीत नाही. मुंबईच्या पोलीस सर्जननी त्याला १९६९ च्या जून ते ऑगस्टदरम्यान महिनाभराहून अधिक काळ निरीक्षणाखाली ठेवलं आणि मत दिलं की याला मनोविकार नाही. खटला चालला, त्यानं गुन्हा कबूल केला, फाशीची शिक्षा झाली. मग उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. त्यांनी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास त्याच्याशी बोलून निदान केलं, दीर्घकालीन स्किझोफ्रेनिया. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा त्यानं तो घेतला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना आपण शिवत नाही, असं तो म्हणाला. फाशीची जन्मठेप व्हायला १९८७ साल उजाडलं. तो येरवड्यात राहिला, मनोरुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, आणि १९९५ मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या विकारानं गेला.

रमन राघवसारखा माणूस लाखांत एखादा. त्याची गोष्ट सांगितली ती वेगळ्या कारणासाठी. देशभर गाजलेल्या खटल्यात, एवढ्या निरीक्षणानंतरही सरकारी डॉक्टरांचं पहिलं मत असं येऊ शकतं, तर बॅटरी चोरणाऱ्यासाठी दहा तास कोण बसणार? आमच्याकडे येणारे मनोरुग्ण कच्चे कैदी असतात ते असेच: दुकानातून बिस्किटं उचललेला, रेल्वेच्या हद्दीत झोपलेला, शेजाऱ्याच्या दारावर दगड मारलेला. कधीकधी गुन्हा खरोखर गंभीर असतो, घरातल्याच कोणाचा तरी जीव गेलेला असतो. त्यांना तर भेटायलाही कोणी येत नाही.

असे किती असतील? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या तुरुंग अहवालात देशभरात मानसिक आजार असलेले कैदी नऊ हजारांच्या थोडे वर आहेत. शंभरात दोघंही नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या मध्यवर्ती कारागृहातले सुमारे पाच हजार कैदी स्वतः तपासले, तेव्हा व्यसनं बाजूला ठेवूनसुद्धा २७ टक्क्यांहून अधिक जणांत कुठला ना कुठला मनोविकार सापडला. तो अहवाल २०११ चा. शोधलं की सापडतं, हा वैद्यकातला जुना नियम. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर दर तिमाहीला मंडळाकडे अहवाल पाठवण्याची जबाबदारी टाकली, आणि गंमत अशी की कायद्यानं मागितलेला मजकूरच "कारागृहात मनोरुग्ण कैदी नाही" असा आहे. सरकारी नोकरीत काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे की "निरंक" लिहायला सर्वांत कमी शाई लागते.

कायदा वाईट नाही. उलट वाचताना बरं वाटतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पंचविसावं प्रकरण याच विषयावर होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलमं ३६७ पासून पुढे आहेत. आरोपी मनोरुग्ण असावा असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर त्यांनी चौकशी करून त्याला डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. त्या मतावर आक्षेप असेल तर वैद्यकीय मंडळ. आणि कलम ३६९ म्हणतं की, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आजाराला भरती करायची गरज नसेल आणि एखादा मित्र किंवा नातेवाईक नियमित उपचारांची आणि कोणाला इजा होऊ न देण्याची हमी देत असेल, तर आरोपीला सोडता येतं. तशी हमी नसेल किंवा सोडणं योग्य नसेल, तर नियमित मनोविकार उपचार मिळतील अशा ठिकाणी त्याला ठेवायचं. साध्या बराकीत तारखांची वाट बघत ठेवा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

हे कलम वाचताना मला आसामचे मचांग लालुंग आठवतात. १९५१ मध्ये, तेविशीत, मारहाणीच्या आरोपावरून अटक. मग तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी. १९६७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की हे आता ठीक आहेत. त्यावर खटला सुरू व्हायला हवा होता. झाली ती फक्त तुरुंगात बदली. २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते सुटले, तेव्हा चोपन्न वर्षं झाली होती. गावाकडची बोलीही ते विसरले होते. लालुंग एकटे नव्हेत. बिहारमधल्या हजारीबागच्या तुरुंगात बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं अडकलेल्यांची गोष्ट १९८२ मध्ये एका पत्रामुळे सर्वोच्च न्यायालयात पोचली. कुठलाही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे, हे याच न्यायालयानं १९९३ मध्ये सांगितलं. त्या खटल्यात अर्जदार होत्या मुंबईच्या पत्रकार शीला बारसे. एका माणसाची अडतीस वर्षं खटल्याविना गेल्याची बातमी वाचून २००७ मध्ये न्यायालयानं आदेश दिले की, अशा आरोपींच्या प्रकृतीचे अहवाल ठराविक काळानं कोर्टापुढे गेलेच पाहिजेत.

आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात थिऑन जॅक्सन नावाच्या मूकबधिर, बौद्धिक वाढ खुंटलेल्या तरुणावर दोन चोऱ्यांचा आरोप होता. एक ऐवज चार डॉलरचा, दुसरा पाच. खटल्याला सक्षम होईपर्यंत त्याला इस्पितळात ठेवा, असा आदेश झाला. तो कधीच सक्षम होणार नव्हता, म्हणजे ही जन्मठेपच. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे अमान्य केलं. वॉशिंग्टन राज्यात अशा कैद्यांना सात दिवसांत इस्पितळात हलवा असं फेडरल न्यायालयानं २०१५ मध्ये बजावलं, राज्याला जमलं नाही, आणि २०२३ मध्ये दहा कोटी डॉलरहून अधिक दंड भरण्याची वेळ आली. पैसा, खाटा, संगणक सगळं असलेल्या देशातही माणसं या मधल्या रस्त्यावर अडकतात.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे शरीराकडे. तुरुंगातलं प्रत्येक "वेड" मनाचं नसतं. रोज दारू पिणारा माणूस अटक होतो, दारू अचानक बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. ही जीवघेणी अवस्था आहे, दंगेखोरपणा नाही. टीबीचा मेंदूज्वर आठवडाभर नुसता "विचित्र वागणं" म्हणून वावरतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, न ओळखलेला एचआयव्ही ही सगळी मंडळी मनोविकाराचा मुखवटा घालून येतात. साध्या रक्ततपासण्यांनी आणि नीट विचारलेल्या चार प्रश्नांनी यातली बरीच उघडी पडतात.

खरा मनोविकार असेल, तर औषधांना वेळ द्यावा लागतो. भ्रम-भासांवरच्या गोळ्यांचा अंदाज यायला चार ते सहा आठवडे. या काळात बहुतेकांचं डोकं इतकं स्वच्छ होतं की खटला समजतो. स्मृतिभ्रंश किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असेल, तर मात्र ते होणार नाही, आणि तसं स्पष्ट लिहून देणं हेही डॉक्टरचं काम. बाकीच्यांना बरं करण्यापेक्षा बरं ठेवणं अवघड. इस्पितळातून परत बराकीत गेला की गोळ्या जिभेखाली लपवल्या जातात, झोपेच्या गोळ्यांची देवाणघेवाण होते, कधी औषधाचा कागदच सोबत जात नाही. लिथियमवर असलेल्याला मे महिन्याच्या उकाड्यात पाणी कमी पडलं आणि वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक दिलं, तर लिथियम अंगात साचून विषबाधा होते. क्लोझापिनवर असलेल्याच्या पांढऱ्या पेशी ठराविक दिवसांनी मोजाव्याच लागतात. अशा ठिकाणी दोन-चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं, अंगात सावकाश उतरणारं इंजेक्शन फार कामाचं. जुनं आहे, स्वस्त आहे, आणि कोणाच्या जिभेखाली लपत नाही.

आमच्या त्या तरुणाचं नेमकं हेच झालं. तीन आठवडे मनोविकार विभागात राहिला, बोलायला लागला, बॅटरी का काढली तेही सांगितलं (तिच्यातून आवाज येत होते). तो खटल्याला सक्षम असल्याचं पत्र गेलं. तारखेच्या दिवशी पोलिसांचा गार्ड मिळाला नाही. पुढच्या तारखेला कोर्टाचं कामकाज झालं नाही. औषधांत खंड पडला आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा तसाच, खाटेला बेडी अडकवून, आमच्या दारात. या वेळी हवालदार वेगळा होता. "नाटकं करतोय," हे वाक्य तेच.

या खेपेला आमच्या समाजसेवा अधीक्षक बाईंनी "आक्का" शोधायला घेतली. जुना पत्ता, मग गावचा पोलीस पाटील, मग ऊसतोडीच्या एका मुकादमाचा फोन नंबर. पाचव्या दिवशी बहीण आली. भाऊ मुंबईला कुठेतरी कामाला असेल, असं ती वर्षभर समजून चालली होती. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक केसपेपर काढला. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी लिहिलेला, निदान आणि औषधांसकट. हा एक कागद अटकेच्या आठवड्यात कोणाच्या हाती पडला असता तर!

म्हणून, ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना माझं सांगणं: तो कागद जपून ठेवा आणि त्याची झेरॉक्स वेगळी ठेवा. घरातल्या माणसाला अटक झाल्याचं कळलं, तर लग्नकार्य अडेल या भीतीनं आजार लपवू नका. पहिल्याच रिमांडला वकिलामार्फत कोर्टाला सांगा. कारागृह अधीक्षक आणि तिथले वैद्यकीय अधिकारी यांच्या नावे अर्ज द्या, सोबत जुने कागद जोडा आणि अर्जाची पोच घ्या. मुलाखतीला जाताना गोळ्या खिशातून नेऊ नका, तो वेगळाच गुन्हा होईल. चिठ्ठीसह डॉक्टरांकडेच पोचवा. मुलाखतीत तो अंघोळ करतोय का, वजन उतरलंय का, तुमच्याकडे बघून बोलतोय का, हे पाहा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्याला आणि मनोरुग्णाला मोफत वकील मिळणं हा हक्क आहे, हेल्पलाइन १५१००. जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात हीच कामं करणारे वकील बसतात. हमी देताना घराजवळच्या कुठल्या सरकारी ओपीडीत, किती दिवसांनी उपचार घेणार ते नेमकं लिहा. मोघम हमीवर कोर्टाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. हमी म्हणजे वर्षानुवर्षांचं ओझं आहे. ते पेलणार नसेल तर तसं सांगावं, मग इस्पितळाचा मार्ग मागता येतो.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच की, "शुद्धीवर आहे, भान ठीक आहे" लिहिण्याआधी त्याला त्याचं नाव, आजचा वार आणि इथे का आणलं एवढं विचारा. तेवढ्यानं रांग फार लांबत नाही.

त्या तरुणासाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी अर्ज केला. दोन मुद्दे मांडले. एक, कलम ३६९ आणि बहिणीची हमी. दुसरा, पहिल्यांदाच आरोपी झालेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडायला हवं. तीन वर्षांचा तिसरा हिस्सा एक वर्ष, आणि ते उलटून गेलं होतं. न्यायाधीशांनी बहिणीला दोन-तीन प्रश्न विचारले. औषध कोण देणार? घेतलं नाही तर काय करणार? तिनं सांगितलं, इंजेक्शन आहे, गोळी नाही. त्याच दिवशी आदेश झाला.

खटला अजून चालू आहे. तो महिन्यातून एकदा बहिणीबरोबर एसटीनं येतो, मनोविकार विभागात इंजेक्शन घेतो आणि जाताना कधीकधी माझ्या ओपीडीत डोकावतो. बोलतो कमीच. मागच्या महिन्यात इंजेक्शनचा वार आणि कोर्टाची तारीख एकाच दिवशी आली. बहीण आदल्या दिवशी फोन करून विचारत होती, "डॉक्टर, आधी कुठं जाऊ? गाडी साडेसातला पोचती." ओपीडी नऊला उघडते. आमच्या सिस्टर आठ वाजता इंजेक्शनच्या खोलीचं कुलूप काढून बसल्या होत्या. अकराच्या पुकाऱ्याला तो कोर्टात हजर होता.